पांढऱ्या तुऱ्याचा अँटबर्ड बघायचाय? आधी मुंग्या शोधा

ब्राझीलला मनाउसला जाणार असाल तर हा पक्षी बघितल्याशिवाय परत येऊ नका. व्हाइट-प्लूम्ड अँटबर्ड. वजन जेमतेम २० ग्रॅम, पाठ राखाडी, पोट तांबूस, पाय केशरी, डोक्यावर पांढऱ्या पिसांचे दोन तुरे आणि खाली पांढरी दाढी. नर-मादी सारखेच दिसतात, पिल्लांना मात्र तुरे नसतात.

जागा निवडताना जंगल मोठं बघा. मनाउसच्या उत्तरेला १९७९ पासून जंगलाच्या तुकड्यांवर अभ्यास चालू आहे, तिथे १ आणि १० हेक्टरच्या तुकड्यांतून मुंग्यांमागे फिरणारे पक्षी गायबच झाले, वाईट वाटतं वाचून. शहराला लागूनच डुके रिझर्व्ह आहे, १०,००० हेक्टर, त्याच्या कडेला मुसा म्युझियमचा ४२ मीटर उंच टॉवर आहे पण टॉवरवर चढून हा दिसणार नाही, हा जमिनीलगत, गुडघ्याएवढ्या उंचीवर बारक्या उभ्या खोडांना धरून बसतो.

आता मेन गोष्ट. पक्षी शोधत फिरू नका, लष्करी मुंग्या शोधा. आपल्याकडे नांगरामागे बगळे असतात ना तसंच, मुंग्यांची फौज निघाली की झुरळं, नाकतोडे, कोळी जीव घेऊन पळतात आणि हे पक्षी ते टिपतात, मुंग्या खात नाहीत. पालापाचोळ्यात रिमझिम पावसासारखा आवाज आला की थांबा, मग बारीक उतरती शिट्टी येते का ऐका.

फौजेच्या मधोमध बघत बसलात तर हा हुकेल, कारण तिथली मोक्याची जागा मोठे पक्षी बळकावतात आणि हा सगळ्यात लहान म्हणून कडेला ढकलला जातो, तिथून पटकन आत घुसतो, किडा उचलतो आणि पळतो. म्हणून नजर कडेवर ठेवा. गमबूट घाला, पँट आत खोचा, मुंग्या पायाशी आल्या की दोन पावलं मागे व्हा. रेकॉर्डिंग वाजवून बोलवू नका प्लीज, खाण्याच्या वेळी त्याला उगाच त्रास.

आणि यलो फीवरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट जवळ ठेवा, भारतात परतताना विचारतात.

मुंग्यांचा तळ सापडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर तिथेच जा. फौज कुठल्या बाजूला निघते ते बघायचं आणि बाजूबाजूने चालायचं.