अमरावती ते परतवाडा सायकलनं: रस्ता शोधताना या चुका टाळा

अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर. पहिल्यांदा मी हे अंतर सायकलनं कापलं तेव्हा साडेसहा तास लागले होते. आता साडेतीन तासांत पोचतो. सायकल तीच आहे, आणि वय तर वाढलंच आहे. मधल्या काळात मी एवढंच शिकलो, की रस्ता कोणत्या क्रमानं निवडायचा. तो शिकताना ज्या चुका झाल्या त्या इथं लिहितो. उदाहरणं अमरावती-परतवाड्याची असली तरी यवतमाळ-दारव्हा किंवा वर्धा-हिंगणघाट जोडू पाहणाऱ्यालाही ती लागू पडतील.

नकाशातली प्रत्येक रेघ रस्ता समजणं

माझी सर्वांत महागात पडलेली चूक हीच. मोबाइलच्या नकाशाला चारचाकीचा रस्ता विचारला, तर तो सगळ्यांना मुख्य सडकेनंच नेतो. म्हणून मी पायी जाणाऱ्याचा पर्याय निवडला. तेव्हा दोन गावांमधून एक बारीक, सरळ रेघ दिसली आणि तिनं चार किलोमीटर वाचत होते. ऑगस्टचा महिना होता. दोन दिवस उघाड होती, त्यामुळे वाट वाळली असेल असं धरून चाललो.

ती पांदण होती. वावरात जायची, बैलबंडीची वाट. पहिले दोनशे मीटर वरून कोरडे होते. मग काळी माती चाकाला धरायला लागली. आपल्याकडची रेगड पाणी पिऊन फुगते आणि वरून सुकली तरी आतून दिवसेंदिवस ओली राहते. चाकाला लागलेला गारा, म्हणजे चिखल, चिमटा आणि मडगार्डच्या मध्ये भरत जातो, त्यात गवत आणि तणकट अडकतं, आणि थोड्याच वेळात चाक फिरायचं बंद होतं. मी जोर लावून पायडल मारत राहिलो, आणि मागचा गिअर वाकून तारांत गेला. उरलेली वाट सायकल खांद्यावर घेऊन चाललो. दोन किलोमीटरला दोन तास गेले.

असं फसलात तर पायडल मारू नका. सायकल बसून चालवण्याचा आणि ढकलण्याचा, दोन्ही हट्ट सोडा. चाक जड लागायला लागलं की पहिल्या शंभर मीटरमध्येच मागं फिरा. पुढं वाट सुधारेल ही आशा काळ्या मातीत खोटी ठरते. फार पुढं गेला असाल तर सायकल उचलून धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या गवतातून चाला, कारण गवताच्या मुळ्यांनी तिथली माती धरून ठेवलेली असते. गारा काढायला तुराटीचा तुकडा पुरतो. ओला असतानाच काढा, वाळला की तो विटेसारखा होतो. पावसाळ्यात मी मडगार्ड घरीच काढून ठेवतो. अंगावर चिखल उडतो, पण चाक फिरत राहतं.

घरून निघण्याआधी रेघ ओळखायची असेल तर उपग्रहाचं चित्र मोठं करून पाहा. डांबरी रस्ता एकसारख्या रुंदीचा, करडा दिसतो. पांदणीत दोन चाकोऱ्या आणि मध्ये हिरवी पट्टी दिसते, आणि ती धुऱ्याच्या हिशेबानं काटकोनात वळते. चित्र उन्हाळ्यात घेतलेलं असेल तर ते पावसाळ्याबद्दल काहीच सांगत नाही, हेही ध्यानात ठेवा.

रस्त्यावर आल्यावर किलोमीटरचा दगड पाहा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर गावरस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी मोठा फलक असतो, तो नुसता ओलांडून जाऊ नका. रस्ता कुठून कुठं जातो, लांबी किती, काम कधी पूर्ण झालं, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. काम झाल्यावर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते. तेवढ्या काळातला रस्ता असेल तर मी निर्धास्त आत वळतो. त्याहून जुना असेल तर आधी विचारतो.

चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न

"दादा, रस्ता कसा आहे?" असं पानठेल्यावर विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "मस्त आहे नं भाऊ, जा बिनधास्त." सांगणारा खोटं बोलत नसतो. तो फटफटीनं जातो, आणि फटफटीच्या चाकाला जे जाणवत नाही ते त्याला कसं ठाऊक असणार? अंतराचंही तसंच. "हे काय, इथंच" म्हणजे दोन किलोमीटरही असतं आणि सातही.

बऱ्याच फेऱ्यांनंतर माझे सांगणारे ठरले आहेत. पहाटेचा दूधवाला सर्वांत पक्का. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून तो रोज त्याच वाटेनं जातो आणि खड्ड्यात दूध सांडलं तर नुकसान त्याचं होतं. त्याच्यानंतर पोस्टमन. मग रोज जाणं-येणं करणारे गुरुजी आणि मॅडम, कारण कोणता नाला कधी शाळा बुडवतो हे त्यांना पाठ असतं. वावरात निघालेल्या मावशींना विचारा. त्या पायी चालतात, त्यामुळे काटे, खडी, चिखल असं सगळं नेमकं सांगतात.

प्रश्नही बदला. "हा रस्ता पुढे निघतो का?" याचं उत्तर जवळजवळ नेहमी "निघते" असंच येतं. त्याऐवजी विचारा, "काल इकडून दूधवाला गेला का? एसटी येते का? इथून फटफटी जाते की नुसती बंडी?" ज्या गावाला एसटी जाते तिथवर सायकल जाणार, ही खात्री धरा. एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्या सायकलीच्या चाकाकडे पाहिलं, अंगठा आणि बोट जवळ आणून त्याची जाडी दाखवली आणि म्हणाले, "एवढ्याशा चाकानं पांधनीतून जासान त फससान, भाऊ. सडकीनंच जा." त्यांनी नकाशा कधी उघडला नसेल, पण चाकाची रुंदी आणि जमीन यांचा हिशेब त्यांचा बरोबर होता. तेव्हापासून मी विचारताना सायकल समोर उभी करून विचारतो.

नदीचा विचार शेवटी करणं

दोन शहरांमध्ये गावरस्ते शंभर असतील, पण नदीवरचे पूल मोजकेच असतात. म्हणून आधी पूल ठरवा आणि मग त्यांना जोडणारे रस्ते शोधा. मी अनेक वर्षं उलटं करत होतो.

इथं पहिली पेढी नदी. ती वलगावला लागते. याच नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. मी प्रत्येक वेळी तिथं पाच मिनिटं सायकल उभी करतो. नंतर पूर्णा. ती बैतूलकडच्या सातपुड्यातून खाली उतरते आणि मग पश्चिमेला वळते, त्यामुळे कोणत्याही वाटेनं निघालात तरी ती ओलांडावीच लागते. सरळ रस्ता आसेगावला पूर्णा पार करतो. दुसरा, थोडा लांबचा, शिराळा आणि चांदूर बाजार करत संत्र्याच्या बागांमधून परतवाड्याला लागूनच असलेल्या अचलपुराकडे जातो.

मुख्य रस्त्यावरचे पूल उंच आहेत. धोका आतल्या रस्त्यांवरच्या रपट्यांचा, म्हणजे बुटक्या फरशी पुलांचा. आपल्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असतं, पण वर मेळघाटात किंवा बैतूलच्या बाजूला पाऊस झालेला असतो आणि तासाभरात रपट्यावरून पाणी वाहू लागतं. विश्रोळीच्या पूर्णा प्रकल्पाची दारं उघडली तरी खालच्या गावांत पाणी वाढतं. वाहतं पाणी गढूळ असेल आणि रपट्याची कडा दिसत नसेल, तर ते घोट्याइतकं असलं तरी उतरू नका. सायकल हातात असलेला माणूस प्रवाहात आडवा अडथळा होतो आणि पाणी सायकलीसकट त्याला ओढतं. पाणी ओसरेपर्यंत थांबा किंवा पुलावरून फिरून जा. जुलै ते सप्टेंबर मी रपट्यांचे रस्ते यादीतूनच काढून टाकतो.

दोन चांदूर

चांदूर बाजार अमरावतीच्या उत्तरेला आणि चांदूर रेल्वे दक्षिण-पूर्वेला. नकाशात नुसतं "चांदूर" टाकून निघालेला एक मित्र शहराच्या नेमक्या उलट टोकाला पोचला होता. धामणगाव गढी परतवाड्याकडे आहे, धामणगाव रेल्वे थेट वर्ध्याच्या बाजूला. तळेगाव आणि शिरजगाव तर किती सापडतील! नावाचं शेपूट कधी सोडू नका, आणि फाट्यावर विचारताना पुढच्या दोन गावांची नावं जोडून विचारा.

वाटेत पाणी मिळेलच हा भरवसा

गावोगावी हापसे दिसतात, म्हणून मी पहिल्या खेपेला एकच बाटली घेतली होती. पण पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्टा आहे. जमिनीतलं पाणीच खारट. हापशाचं पाणी घोटभर प्यायलं की तहान आणखी वाढते, आणि उन्हात पोट बिघडलं तर पुढचे वीस किलोमीटर जड जातात. आता हिवाळ्यात दोन लिटर आणि मार्चपासून तीन लिटर पाणी घरूनच नेतो. सोबत मीठ-साखरेची पुडी असते.

कमी पडलं तर लोक देतात, कधीच नाही म्हणत नाहीत. पण या पट्ट्यात नळाचं गोडं पाणी रोज येईलच असं नसतं आणि घरातल्या बाईनं ते जपून साठवलेलं असतं. पेलाभर प्या, बाटल्या भरून मागू नका. बाटल्या हॉटेलात चहा घेऊन भरा.

मोठ्या रस्त्याला पूर्ण टाळणं

ट्रकच्या भीतीनं काही जण सगळी वाट आतल्या रस्त्यांनी आखतात. मीही आखली होती. अंतर दीडपट झालं, फाट्याफाट्याला थांबावं लागलं, आणि शेवटी थकल्यावर ऐन गर्दीत मुख्य रस्ताच धरावा लागला. व्यवहाराचा रस्ता मिश्र असतो. पहाटे साडेपाचला निघालं तर वलगावपर्यंतची मुख्य सडक मोकळी मिळते. गर्दी वाढेपर्यंत तुम्ही आत वळलेले असता, आणि शहरात शिरण्यापुरते पुन्हा सडकेवर येता.

परतवाड्याकडे जाताना सकाळचं ऊन आपल्या पाठीवर असतं, म्हणजेच समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर. समोरून ओव्हरटेक करत येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसलाच नाहीत असं धरून चाला. पुढचा दिवा दिवसाही लावून ठेवा. संत्र्याच्या हंगामात ट्रक वाढतात, आणि डिसेंबर-जानेवारीत बहिरमच्या यात्रेची गर्दी परतवाड्याच्या रस्त्यावर येते. त्या दिवसांत मी चांदूर बाजारवरून जातो.

समृद्धी महामार्गाचा विचार मनात आणू नका. हा सल्ला वर्धा, धामणगावकडच्या मित्रांसाठी. तिथं दुचाकीलाच बंदी आहे, सायकल दूरची गोष्ट. त्याच्याखालून जाणारे गावरस्ते वापरता येतात, मात्र पावसाळ्यात काही बोगद्यांत पाणी साचतं.

काटे आणि अंधार

पऱ्हाटी आणि तूर कापल्यावर, म्हणजे जानेवारीपासून, वावरालगतच्या वाटा पंक्चर करणाऱ्या होतात. कुंपणाच्या बाभळीच्या फांद्या वाटेवरून ओढत नेतात, त्यांचे काटे धुळीत पडून राहतात. गोखरू वेगळाच. दोन ट्यूब आणि पंक्चरचं सामान जवळ असू द्या. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा. तुटलेला काटा आतच असतो आणि दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत जाते.

अंधार पडल्यावर आतल्या रस्त्यावर राहू नका. रिफ्लेक्टर नसलेली कापसाची ट्रॉली अचानक समोर येते, रोही (नीलगाय) रस्ता ओलांडतो. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. रानडुकरं पीक खातात म्हणून काही ठिकाणी कुंपणात थेट वीज सोडली जाते. ते बेकायदा आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत. नुसता हलका झटका देणाऱ्या झटका मशीनचं कुंपण कोणतं आणि थेट विजेचं कोणतं, हे अंधारात ओळखता येत नाही. लघवीला किंवा आडोशाला म्हणूनही धुऱ्यावर चढू नका. रस्त्याच्या कडेलाच थांबा.

एकाच दिवशी पूर्ण करायचा हट्ट

नवा रस्ता पहिल्यांदा अर्धाच करा. आसेगाव निम्म्याच्या आसपास आहे. पहिल्या रविवारी तिथवर जाऊन परत या आणि प्रत्येक फाट्याचा फोटो काढा, पण मागं वळून, कारण परतीला तीच बाजू समोर दिसणार असते. पुढच्या खेपेला काळी-पिवळी जीपच्या टपावर सायकल टाकून आसेगावला उतरा आणि उरलेला अर्धा रस्ता पाहा. दोरी आपली न्या आणि बांधताना गिअरची बाजू वर राहील असं पाहा.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, वेळेत मोजा. माझा हिशेब असा: डांबरी रस्त्यावर तासाला १५, उखडलेल्या गिट्टीवर ८, पांदणीत ५. एप्रिल-मे मध्ये दहाच्या आत घरात पोचायचं, हे धरून त्यावरून निघायची वेळ काढतो. उन्हाळ्यात दुपारचा पश्चिमेचा गरम वारा परतवाड्याकडे जाताना तोंडावर येतो, तेव्हा १५ चे ११ होतात. म्हणून त्या महिन्यांत जाणं पहाटे सायकलनं आणि येणं संध्याकाळच्या एसटीनं. सायकल काही दिवस तिथल्या बहिणीच्या अंगणात राहते, भाचा तिच्यावर अचलपूर फिरून घेतो, आणि पुढच्या रविवारी पहाटे मी ती घेऊन परत निघतो.