वाचनालय वापरावं कसं: काउंटरच्या आतल्या बाजूने

‘काय नवीन आलंय?’ हे विचारायला काहीच हरकत नाही. नव्या पुस्तकांची थप्पी मी काउंटरवर त्यासाठीच ठेवते. पण नवीन पुस्तक तुम्हाला फोनवरून मागवलं तरी घरपोच मिळतं. आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या वाचनालयात जे आहे आणि दुसरीकडे सहसा नाही, ते, म्हणजे जुने बांधीव खंड, स्मरणिका वगैरे, आतल्या कपाटात कुलूपबंद असतं. ते मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. मागायचं कसं, हे मला मुख्य सांगायचंय. बाकीचं ओघाने येईल.

आधी सभासदत्व. ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो, अनामत, प्रवेश फी आणि वर्गणी, झालं. आकडे प्रत्येक ठिकाणचे वेगळे, पण एका जाडजूड कादंबरीच्या किमतीत काही महिन्यांची वर्गणी निघते एवढं नक्की. अनामतीची पावती मात्र जपा. बदलीवर आलेली माणसं दोन-तीन वर्षांनी गाशा गुंडाळतात आणि अनामत आमच्याकडेच राहते. मग पाच वर्षांनी कोल्हापूरहून फोन येतो. जाताना पुस्तक परत करा, पावती दाखवा, पैसे घेऊन जा.

पैसे भरायचे नसतील तरी वाचनकक्षात या. वर्तमानपत्रं वाचायला सभासद असावं लागत नाही. फक्त दाराशी ठेवलेल्या वहीत सही करा. ‘रोजचाच माणूस मी, सही कशाला?’ म्हणणारे आजोबा प्रत्येक गावात असतात. अहो आजोबा, तपासणीला साहेब येतात तेव्हा तुमचा चेहरा नाही, वही बघतात!

त्या वहीला इतकं महत्त्व का, तर वाचनालय सहसा सरकारी नसतं. बऱ्याच जणांना वाटतं की नगरपालिकेचं आहे किंवा कलेक्टर कचेरीचं आहे. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं नोंदणीकृत संस्था चालवतात आणि शासन त्यांना मान्यता व अनुदान देतं. त्यासाठी १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आहे. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत; पुस्तकं किती, अंक किती येतात, किती तास उघडं असतं, त्यावर वर्ग आणि वर्गावर अनुदान. इतर काही राज्यांत घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा उपकर घेतात, आपल्या कायद्यात तो नाही. म्हणून वर्गणीदार, देणगीदार आणि वहीतली सही यांच्यावर आमचा गाडा चालतो. आजीव सभासद झालात तर वार्षिक सभेलाही या. तिथे नुसता चहा घेऊन जाऊ नका, कुठली पुस्तकं घ्यायची ते बोला. ग्रंथ निवड समिती कुणीतरी बोलायची वाटच बघत असते.

कोकणाने हे सगळं फार लवकर सुरू केलं. दक्षिण कोकणच्या कारभाराचं ठाणं बाणकोटहून रत्नागिरीला आलं १८२२ मध्ये, आणि रत्नागिरीचं वाचनालय, आजचं जिल्हा नगर वाचनालय, निघालं १८२८ साली. कचेऱ्या धड बसल्याही नसतील. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी त्यानंतर वीस वर्षांनी, १८४८ ला आली. (हे मी पुण्याच्या पाहुण्यांना आवर्जून सांगते.) चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, टिळक तेव्हा आठ वर्षांचे, तेव्हा नाव अर्थातच मागाहून आलेलं. इतक्या जुन्या घरांत काय काय साठलं असेल याचा अंदाज बाहेरच्या फडताळांवरून येत नाही.

आता मागायचं कसं. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, ‘जुन्या बोटींबद्दल काही आहे का?’ या प्रश्नाला सरळ उत्तर ‘नाही’ असंच आहे, कारण जुन्या बोटींचं कपाट कुठेच नसतं. मी विचारलं, कुठली बोट, कधीची, तुम्हाला कशाला हवंय? तेव्हा कळलं की त्यांच्या आजीचे भाऊ रामदास बोटीत होते. मग प्रश्न एकदम सुटसुटीत झाला. रामदास बुडाली १७ जुलै १९४७ ला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना. सहाशेहून जास्त माणसं गेली. म्हणजे १८ जुलैपासून पुढच्या पंधरवड्याचे दैनिकांचे बांधीव खंड बघायचे. ते आमच्याकडे नव्हते. पण किनाऱ्यावरच्या एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत, मुख्याध्यापकांचं मनोगत, देणगीदारांची यादी आणि विज्ञान प्रदर्शनाचे फोटो यांच्या मधे, त्या बोटीतून वाचलेल्या माजी विद्यार्थ्याचा दोन पानी लेख होता. पोहत कुठे लागला, कोळ्यांनी कसं ओढून घेतलं, सगळं. गृहस्थ उभ्याउभ्याच वाचत राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

तेव्हा येताना गाव, साल आणि माणूस यांतलं निदान दोन घेऊन या. ‘आमच्या घराण्याचा इतिहास हवाय’ यावर मी काय देणार? ‘पणजोबा १९३० च्या आसपास वेंगुर्ल्यात वखारीत कारकून होते’ असं म्हणालात तर मी किल्ल्या घेऊन उठेन. आणि का हवंय तेही सांगा. ते चौकशी म्हणून विचारत नाही. कारण कळलं की आठवतं, अमक्या माणसाने गेल्या वर्षी हेच मागितलं होतं, त्याच्याकडे आता टिपणं असतील.

जुनं शोधताना जिल्ह्यांची नावं लक्षात ठेवा, इथे भलेभले चकतात. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ ला. त्याआधीचं मालवण, वेंगुर्लं, देवगड सगळं ‘रत्नागिरी’त शोधायचं. रायगडही १९८१ पर्यंत ‘कुलाबा’ होता. पालघर तर २०१४ चा, त्याआधी ठाणे. रत्नागिरी आणि सावंतवाडीचं जुनं इंग्रजी गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, १८८० चं, मुंबई इलाख्याच्या मालेतला दहावा खंड. बंदरं, खाड्या, जाती, पिकं, बाजार, किल्ले, सगळं आहे; प्रकरणं विषयवार, आणि गावांची माहिती शेवटी गावाच्या नावाने लावलेली. सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं, म्हणून त्याचा भाग वेगळा पाडलाय. तिकडचं गाव रत्नागिरीच्या भागात शोधाल तर सापडणार नाही. गावाचं स्पेलिंग आजच्यासारखं असेलच असं नाही, तेव्हा सूचीत दोन-तीन तऱ्हांनी बघा. १९६२ ची सुधारित आवृत्तीही मागा, आकडे आणि रस्ते तिच्यात बरे आहेत.

पुस्तक नेमकं हवं असेल तर दाखल क्रमांक लिहून आणा. हा पहिल्या पानावरच्या शिक्क्यात असतो, आणि आमची नोंदवही त्यावरच चालते. कपाटांवर ८९१.४६ असं काही दिसलं तर घाबरू नका, तो ड्यूई नावाच्या, विषयवार पुस्तकं लावायच्या पद्धतीतला मराठी साहित्याचा क्रमांक आहे. प्रत्यक्षात तुम्ही ‘निळ्या कव्हरचं, बाईचं चित्र असलेलं’ म्हणालात तरी निम्म्या वेळा पुस्तक मिळतं.

बांधीव खंडांची झेरॉक्स मागू नका. मशीनवर उपडा घातला की कणा मोडतो, आणि तो शिवायला माणूस आता गावात राहिलेला नाही. विचारून फोनवर फोटो काढा, फ्लॅश बंद. घरची मोडी कागदपत्रं आणलीत तर ती मी वाचून देऊ शकत नाही. पण तालुक्यात मोडी कोणाला येतं ते वाचनालयात ठाऊक असतं. विचारा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यायचं आणि तसंच आणायचं. घरी भिंतीला चिकटलेल्या फळीवर ठेवू नका, ओल तिथूनच येते. भिजलंच, तर गॅसजवळ किंवा कडक उन्हात सुकवू नका. पानं वाकडी होतात आणि खळ सुटते. उभं करून पंख्याखाली ठेवा, अधूनमधून साधा कोरा कागद घाला, ओला झाला की बदला. वर्तमानपत्राची शाई उतरते. गुळगुळीत चित्रांची पानं मात्र ओली असतानाच अलगद सुटी करा, वाळली की फाटल्याशिवाय सुटत नाहीत. पांढरी बुरशी दिसली तर घरात झटकू नका, पुस्तक पिशवीत बांधून आम्हाला सांगा. चिपळूणच्या वाचन मंदिरात २००५ आणि २०२१, दोन्ही पुरांत पाणी शिरलं. तेव्हापासून किनाऱ्यावर जुनं ते वरच्या फळीवर, हा साधा नियम झालाय. शिडी लावावी लागते म्हणून कुरकुर करू नका.

दिवाळी अंकांची योजना सगळ्यांना माहीत असते: वेगळी फी भरा, पाळीपाळीने अंक न्या. पहिले काही आठवडे झुंबड असते, मोठ्या नावाचे अंक हाताला लागत नाहीत. घाई नसेल तर तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे, मग या. जुने बांधीव अंकही मागा. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून आपल्याकडे दिवाळी अंक निघतायत, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या अंकातल्या जाहिराती कथांपेक्षा मजेदार असतात, हे माझं मत.

शेवटी पुस्तकं देणाऱ्यांसाठी. घर रिकामं करताना रिक्षा भरून पाठ्यपुस्तकं, गाइडं आणि वाळवी लागलेले रद्दीचे गठ्ठे आणू नका. तुमची अडगळ आमची होते, आणि वाळवी दोन्हीकडची. आधी यादी पाठवा, घेतलेल्या पुस्तकांची पोच घ्या. रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मात्र एक गठ्ठा बाजूला काढा: शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, देवस्थानाचा अहवाल, नाट्यमंडळाची हस्तपत्रकं, पतसंस्थेचे वार्षिक अंक, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची पुस्तिका. हे छापलं जातं पाचशे प्रती, वाटलं जातं गावात, आणि मोठ्या ग्रंथालयांपर्यंत क्वचितच पोचतं. आणताना मागच्या जाहिरातींची पानं निरुपयोगी म्हणून फाडू नका. बाजारपेठेत १९७० साली कुणाचं किराणा दुकान होतं, कुठल्या डॉक्टरांचा दवाखाना आणि कुणाची मोटार सर्व्हिस होती, हे बऱ्याचदा त्याच पानांवर सापडतं.