कर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये मॉड टाकायचे असतीन त आधी हे करा

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, दिवसाचं दीड जीबी नेट अन् लाईट कवा जाईन त्याचा नेम नाई, म्हणून या रॉकेट उडवाच्या कॉम्प्युटर गेममध्ये मॉड, म्हणजे दुसऱ्या लोकायनं केलेल्या जादा गोष्टी, टाकाले मी लय जपून शिकलो. तुमच्याकडंबी असंच असन त हे कामी येईन.

पयले गेमचं पूर्ण फोल्डर कॉपी करून दुसरीकडं ठेवा. स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानातून घेतला असन तरी कॉपी चालते. मॉड सगळे त्या कॉपीत टाका अन् मूळ गेम कोरा राहू द्या, म्हणजे काई बिघडलं त पुन्हा सगळा गेम डाउनलोड कराची पाळी येत नाई. आता नवीन अपडेटची भीती नाई, गेम 1.12 वर थांबला, त्यामुळं मॉडबी तेच व्हर्जन पाहून घ्या.

मॉड टाकाले सीकॅन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, तेच वापरा. एका मॉडले दुसरा लागत असन त ते सोताच आणते अन् डाउनलोड किती एमबीचं हे आधी दाखवते. तालुक्याच्या गावी मित्राकडं वायफाय असन त झिप फाईली पेन ड्राइव्हवर आणा, सीकॅनच्या फाईल मेनूत डाउनलोड केलेले मॉड इम्पोर्ट कराचा ऑप्शन आहे. हातानं टाकत असान त एकच गोष्ट ध्यानात ठेवा, झिपमध्ये गेमडेटा नावाचं फोल्डर असते, त्याच्या आतलं फोल्डर उचलून गेमच्या गेमडेटात ठेवाचं. लय जण गेमडेटात गेमडेटा टाकतात अन् मंग मॉड काऊन दिसत नाई म्हणून डोकं धरतात. मॉड्युल मॅनेजर नावाचा मदतनीस मॉड असते, बऱ्याच मॉडले लागते, त्याची फाईल मात्र थेट गेमडेटातच पायजे, अन् स्क्वाड नावाच्या फोल्डरले हात लावू नका, मूळचे पार्ट त्याच्यातच आहेत.

एका वेळी एकच मॉड टाका, गेम चालू करून पाहा, मंगच दुसरा. सुरुवातीले कर्बल इंजिनियर रीडक्स घ्या, डेल्टा व्ही, म्हणजे यानाचा वेग अजून किती बदलता येईन तो आकडा, किती उरला ते डोळ्यासमोर दिसते. ढग अन् आभाळाचे मॉड दिसाले लय सुंदर पण लॅपटॉपचा जीव काढतात. रिअल सोलर सिस्टिम या खऱ्या आकाराचे ग्रह आणणाऱ्या मॉडची घाई करू नका, गेममधली पृथ्वी म्हणजे कर्बिन, तिची त्रिज्या 600 किलोमीटर अन् खऱ्या पृथ्वीची 6371, कर्बिनवरून ऑर्बिटले, म्हणजे कक्षेत जायाले, साधारण 3400 मीटर पर सेकंद डेल्टा व्ही पुरते, पृथ्वीवरून 9400 च्या आसपास लागते, साध्या पार्टनं दम निघते.

मॉड काढताना सेव्ह्ज फोल्डरची कॉपी केल्याशिवाय काढूच नका. तूर काढाच्या दिवसात मी रॅम कमी पडते म्हणून पार्टचा एक मॉड उडवला, सेव्ह उघडला त दोन रात्री जागून डॉकिंग करून जोडलेलं स्टेशन ऑर्बिटमधून गायब, कारण त्याचे चार पार्ट त्याच मॉडचे होते, एक पार्ट नाई सापडला की पूर्ण यान जाते. रात्रभर झोप नाई आली मले.

अन् नेट नसताना सोताचा पयला मॉड करायचा असन त झेंडा करा. पेंटमध्ये 256 बाय 160 पिक्सेलचं चित्र काढा, पीएनजी म्हणून सेव्ह करा, गेमडेटात आपल्या नावाचं फोल्डर, त्याच्यात फ्लॅग्स नावाचं फोल्डर, स्पेलिंग इंग्रजीत, अन् चित्र त्याच्यात. गेम पुन्हा चालू केला की झेंड्यांच्या यादीत आपला दिसते. मी फुटलेलं कापसाचं बोंड काढलं होतं, हिरव्या पाकळ्या अन् मधात पांढरा कापूस, अन् गेममधल्या चंद्रावर, मुनवर, उतरून तो झेंडा गाडला तवा लहान भावानं आईले चुलीपासून उठवून आणलं पाहाले.