फणसाचे तळलेले गरे विकायला काढताय? या चुका टाळा

मे महिन्यात कोकणात घरोघरी गरे तळले जातात आणि दरवर्षी त्यातल्या काही घरांना ते विकावेसे वाटतात. जरूर विका. पण कढईतून नुकत्याच काढलेल्या गऱ्याच्या चवीवर विसंबून धंदा मांडू नका. पहिल्या दिवशी सगळ्यांचेच गरे चांगले लागतात. गिऱ्हाईक ते महिन्या-दीड महिन्याने खाणार असतं, आणि बहुतेक चुका तोपर्यंत दिसतच नाहीत.

पिकायला लागलेला फणस तळणे

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. दारात फणस आहे, वास सुटायला लागलाय, वाया जाईल म्हणून तळून टाकायचा. असं करू नका. पिकताना गऱ्यातल्या पिष्टाची साखर होते. असा गरा तेलात पडला की आतला ओलावा जायच्या आधीच वरून लाल होतो. लाल होऊ नये म्हणून आच मंद केली की गरा तेल पितो. मग बाहेरून करपट, आतून चिवट आणि हाताला तेलकट असा माल तयार होतो, आणि दोष कढईला दिला जातो.

तळायला जून झालेला पण न पिकलेला कापा, म्हणजे टणक गऱ्याचा फणस लागतो. काटे एकमेकांपासून लांब आणि चपटे झालेले हवेत, वास अजिबात नको. तरी खात्री होत नसेल तर झाडावरचा एक फणस फोडून बघा. गरा फिकट पिवळसर, टणक, वाकवला की कटकन मोडणारा आणि गोडी नसलेला असला तर त्या झाडाचे बाकीचे काढा. काढल्यापासून एक-दोन दिवसांत तळून मोकळे व्हा, कारण फणस काढल्यावरही पिकत राहतो. कुयरीचे, म्हणजे कोवळ्या फणसाचे गरे तळून कागदासारखे होतात, त्यांची भाजीच बरी. मऊ, रसाळ गऱ्याचा बरका फणस या कामाचा नाहीच. त्याची फणसपोळी करा.

चिरताना गरा उभा, 5 ते 6 मिलिमीटर रुंदीचा. जाडबारीक चिरलं की एकाच घाण्यात निम्मे करपतात आणि निम्मे कच्चे राहतात. घाईत काम उरकणाऱ्यांचा माल इथेच ओळखू येतो. हाताला आणि सुरीला खोबरेल लावून बसा, नाहीतर चिकाने काम अडेल.

तेल 170 ते 175 अंश सेल्सिअस ठेवा आणि त्यासाठी तळणीचा थर्मामीटर घ्या. 3 लिटर तेलात एका वेळी 400 ते 500 ग्रॅम चिरलेले गरे, त्याहून जास्त नको. तेल एकदम थंड पडतं. बुडबुडे जवळजवळ थांबले आणि झाऱ्यावर गरे खडखडू लागले की काढा. घरी आपण हळद-मिठाचं पाणी कढईतच शिंपडतो. विक्रीच्या मालाला आम्ही ते करत नाही, पाण्याने तेल लवकर खराब होतं. कोरडं बारीक मीठ, किलोभर तयार गऱ्यांना साधारण 15 ग्रॅम, गरे गरम असतानाच भुरभुरायचं.

कोमट माल पिशवीत भरणे

एका गावात मे महिन्यात तळलेला बराचसा माल गणपतीत येणाऱ्या चाकरमान्यांसाठी राखून ठेवला होता. तळणं उत्तम झालं होतं. पण रात्री उशीर झाला म्हणून गरे कोमट असतानाच साध्या पातळ पॉलिथिनच्या पिशव्यांत भरले आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर तोंडं बंद केली. कोमट गऱ्यांची वाफ पिशवीच्या आतल्या बाजूला धरली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि अर्धा माल सादळला. मग त्यांनी पिशव्या फोडून गरे पुन्हा तळले, तेही आधीच्याच उरलेल्या तेलात. कुरकुरीतपणा आला, पण गणपतीपर्यंत सगळ्याला खवट वास सुटला आणि दुकानदारांनी पेट्या परत पाठवल्या.

इथे एकामागून एक तीन गोष्टी बिघडल्या. वाफेने ओलावा आला. पातळ पॉलिथिनमधून बाहेरची दमट हवा आत जात राहिली. जुन्या तेलात दुसऱ्यांदा तळल्यामुळे खवटपणाची सुरुवात पिशवीत भरतानाच झाली होती. सादळलेला माल पुन्हा तळून विकू नये, कितीही जीव तुटला तरी. नुकसान तिथेच थांबवा.

आमची पद्धत अशी: गरे स्टीलच्या ताटांत एका थरात पसरायचे, पंख्याखाली पूर्ण गार करायचे, हाताला किंचितही कोमट लागता कामा नयेत. गार झाले की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि त्याच दिवशी पॅकिंग. पिशवी ॲल्युमिनियम किंवा मेटलाइज्ड (धातूचा पातळ मुलामा दिलेल्या) थराची घ्यावी; उजेड, हवा आणि ओलावा तिन्ही अडतात. पिशवीत हवेऐवजी नायट्रोजन भरायची सोय झाली तर उत्तम. सील करायच्या पट्टीवर मिठाचा कण किंवा तेल राहिलं तर बारीक फट राहते, म्हणून पट्टी आतून पुसून घ्या. मग एक पिशवी बादलीत बुडवून दाबा. बुडबुडा आला तर सगळ्याच पिशव्या तपासा.

बाकीच्या चुका

फणस फुकट आहे म्हणून किंमत कमी लावणे. दहा किलोच्या फणसातून गरे साधारण तीन किलो निघतात आणि तळून हातात किलोभर माल येतो. फोडणं, गरे काढणं, आठळ्या वेगळ्या करणं यात दिवस जातो. त्या दिवसाची मजुरी धरा, घरच्या बायकांचीही.

जुन्या तेलात नवं तेल ओतून कढई चालू ठेवणे. तेल काळपट, घट्ट किंवा फेसाळ झालं की टाका. तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडताना त्यात तयार होणारे पदार्थ) 25 टक्क्यांवर गेले की ते खाण्यास अयोग्य, असा नियम 1 जुलै 2018 पासून आहे.

गरे वर्तमानपत्रावर निथळवणे. छपाईची शाई तेलात उतरते, आणि खाद्यपदार्थांसाठी वर्तमानपत्र वापरायला बंदी आहे. जाळीचं ताट घ्या.

एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी ‘धंदा जमल्यावर करू’ म्हणून लांबवणे. विक्रीच्या आधी करा. 14 अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, तयार केल्याची तारीख, पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह हे सगळं पिशवीवर हवंच. वजनकाटा वैधमापन खात्याच्या शिक्क्याचा हवा, स्वयंपाकघरातला नव्हे.

दुसऱ्याच्या पाकिटावरची टिकण्याची मुदत उतरवून घेणे. त्याची पिशवी वेगळी, तेल वेगळं. आपल्या प्रत्येक बॅचच्या काही पिशव्या राखा, दर पंधरा दिवसांनी एक फोडून खा. जिथे चव उतरते त्याच्या बऱ्याच आधीची तारीख छापा. त्यासाठी वही ठेवा: बॅच क्रमांक, फणस कुठल्या झाडाचा, कधी काढला, तेल नवं की कितव्यांदा तापवलेलं. तक्रार आली की पिशवीवरचा क्रमांक विचारायचा आणि वहीतलं ते पान उघडायचं.