रेडिमेड गेमिंग पीसीत कूलर आणि रॅम बदलताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की परभणी-नांदेडकडून एकच तक्रार कानावर येते: "दादा, गेम चालू केला की दहा-पंधरा मिनिटांत पीसी अटकायलाय." उपायही ठरलेला असतो. नवा सीपीयू (म्हणजे प्रोसेसरचा) कूलर आणि वर आणखी १६ जीबी रॅम, दोन्ही एकदमच मागवलेलं. पार्सल हातात पडलं की त्याच रात्री दोन्ही बसवायचं. मग बटण दाबल्यावर पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळीच, आणि घोटाळा कूलर बसवताना झाला की रॅम लावताना, हे ओळखायला काही मार्ग उरत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आधी कूलर बसवा, चार दिवस गेम खेळून बघा, आकडे लिहून ठेवा आणि मगच रॅमला हात लावा. दोन्ही कामं वाटतात तितकी वेगळी नाहीत, म्हणून हे सांगतोय. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा. एलजीए प्रकारच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. कूलरचा एका बाजूचा स्क्रू जास्त आवळला गेला, तर त्या पिनांवरचा दाब विषम होतो आणि रॅमचं एक अख्खं चॅनल (प्रोसेसरपर्यंतचा एक मार्ग) गायब होऊ शकतं. ३२ जीबी लावलेली असताना १६ दिसायला लागली, तर लोक रॅम खराब म्हणून परत पाठवतात. खरं तर कूलरचे स्क्रू सैल करून तिरप्या क्रमाने (एक कोपरा, मग त्याच्या समोरचा तिरपा कोपरा) थोडे थोडे आवळायचे असतात.

आधी मोजा, मग मागवा

एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालू ठेवून अर्धा तास नेहमीचा गेम खेळा. प्रोसेसरचं तापमान, ग्राफिक्स कार्डाचं तापमान आणि रॅमचा वापर, हे तीन आकडे बघा. १६ पैकी १० जीबीच वापरात असेल तर नुसती जागा वाढवून गेम पळणार नाही. ग्राफिक्स कार्डच तापून वेग कमी करत असेल, तर प्रोसेसरवर कितीही भारी कूलर बसवा, फरक पडणार नाही. आणि एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, त्यामुळे रेंडरिंग करताना तो आकडा दिसला म्हणून लगेच घाबरू नका. साध्या गेममध्येही तो तिथंच चिकटून बसत असेल, तर मात्र लक्ष घालायला हवं.

यानंतरची एक चाचणी मला सगळ्यात जास्त कामाची वाटते. कॅबिनेटची बाजूची काच काढा आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं, तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटमध्ये हवाच जात नाही. रेडिमेड पीसीत हे फार दिसतं: पुढं बंद काच, आत रंगीत दिवे आणि हवा ओढायला जेमतेम एक फट. हे म्हणजे खिडक्या लावून घेऊन पंखा सुरू करणं. अशा वेळी पुढून आत ओढणारे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक असे १२० एमएमचे पंखे महागड्या कूलरपेक्षा जास्त काम करतात. पंख्याची दिशा ओळखायची खूण सोपी आहे: ज्या बाजूला आडव्या दांड्यांची चौकट असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

यूट्यूबवरचं तापमान आणि आपला मे महिना

रिव्ह्यूमधले आकडे बहुतेक वेळा २०-२५ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. आपल्याकडं बाहेर ४२-४३ असताना पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ३८-४० सहज असतं. खोली १५ अंशांनी जास्त तापलेली असेल, तर प्रोसेसरही त्याच कामाला जवळपास तेवढाच जास्त तापतो. तिथं ७२ दाखवणारा कूलर लातुरात मेमध्ये ८५-८७ दाखवेल, आणि त्यात कूलरचा काही गुन्हा नाही. हवेवरचा असो की पाण्यावरचा, कुठलाच कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे दिवाळीत बसवून "मस्त चालतंय" म्हणणाऱ्यांनी उन्हाळ्यात पुन्हा एकदा मोजावं.

मग खोलीतला पाण्याचा कूलर पीसीच्या अंगावर सोडायचा का? नाही. खोली थंड होते हे खरं. आपली हवा कोरडी असल्याने तो कूलर इथं चांगला चालतोही. पण थेट झोतात कॅबिनेट ठेवलं की बोअरच्या खारट पाण्याचे बारीक थेंब आत जातात आणि सुकल्यावर पांढरा थर सोडतात. ओलसर हवेत धूळही पंख्याला चिकटून बसते. झोत माणसावर घ्या, पीसी बाजूला ठेवा, खिडकी थोडी उघडी ठेवा.

धुळीचं तर विचारूच नका. काळ्या रानाची बारीक माती, त्यात कापसाच्या भागात तंतू उडतात, आणि ते जाळीवर अस्तरासारखे बसतात. महिन्यातून एकदा जाळी धुवा. पंक्चरवाल्याकडच्या हवेने पीसी साफ करणं बंद करा. त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं. साधा ब्लोअर पुरतो, फक्त मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

कूलर बसवताना

माझं मत विचाराल तर आपल्या भागात स्वस्त लिक्विड कूलरच्या नादी लागू नये. पंप बिघडला तर सर्व्हिस सेंटर बहुधा संभाजीनगर किंवा पुण्याला. सहा कोरच्या ६५ वॉटच्या प्रोसेसरला १२० एमएमच्या एका पंख्याचा टॉवर (उभा, हवेवरचा) कूलर बास आहे.

मागवण्याआधी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो ते बघा, आणि सॉकेट तपासा. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचं सॉकेट एलजीए१७०० आहे. आधीच्या एलजीए१२००चं ब्रॅकेट त्याच्या भोकांना जुळत नाही. काही मोठ्या कंपन्यांच्या पीसीत मूळ कूलर थेट कॅबिनेटच्या पत्र्यात स्क्रू केलेला असतो, पंख्याचा कनेक्टरही वेगळाच. अशा मशीनला बाजारातला कूलर बसेलच असं नाही, म्हणून आधी उघडून बघा, मग पैसे घाला.

जुना कूलर काढताना एएम४ सॉकेटवर (एएमडीचं आधीचं सॉकेट, यात पिना प्रोसेसरला असतात) सरळ वर ओढू नका. पेस्ट वाळलेली असली तर प्रोसेसरच कूलरला चिकटून पिनांसकट बाहेर येतो. आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून वायर काढा आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडं फिरवून सोडवा. नव्या कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक काढायला विसरणारे अजूनही भेटतात. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावा, नाहीतर सुरू होताना एरर येतो.

रॅम

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. जोर लावून बसत नसते. इंटेलच्या १२ ते १४ पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे प्रोसेसरचं नाव सांगून रॅम मागवू नका, बोर्डाचा मॉडेल नंबर बघा.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून जुन्या स्टिकशेजारी मिळेल ती एक स्टिक लावायची पद्धत वाढली आहे. चालते कधी कधी. पण वेग सगळ्यात हळू स्टिकचा मिळतो, आणि नाही जुळली तर गेम मधेच बंद पडतो. चारही स्लॉट भरण्याचा मोह तर डीडीआर५ मध्ये टाळाच: रायझन ७००० चा अधिकृत वेग दोन स्टिकवर ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. जाड टॉवर कूलर पहिला स्लॉट झाकतो, तेव्हा तसंही तो रिकामाच बरा.

लावून झाल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सोय, म्हणजे इंटेलवर एक्सएमपी, एएमडीवर एक्स्पो, चालू करा. नाहीतर ६००० ची रॅम घेऊन बहुधा ४८०० वरच चालवत बसाल. टास्क मॅनेजरमध्ये वेग दिसतो. कंपनीच्या काही पीसीत बायोसमध्ये ही सोयच नसते, तिथं जास्त वेगाच्या रॅमला पैसे घालू नका.

स्क्रीन काळी राहिली तर घाई नको. डीडीआर५ बदलल्यावर पहिल्यांदा बोर्ड रॅमची जुळणी करतो, त्यात काही मिनिटं जातात. इथं घाबरून बटण दाबणारेच जास्त. दहा मिनिटं थांबूनही काही आलं नाही, तर वायर काढा, बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, आणि प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच स्टिक लावून बघा. मग दुसरी. खोडरबरने पिना घासायची दुकानातली युक्ती जुन्या, काळवंडलेल्या स्टिकला हलक्या हाताने चालते; नव्या स्टिकला त्याची गरज नाही.

शेवटी रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा, आणि शक्यतो दुपारी. डीडीआर५ मध्ये वीज नियंत्रित करणारी चिप स्टिकवरच असते, त्यामुळे रात्री गारव्यात पास झालेली रॅम दुपारी तीन वाजता चुका दाखवू शकते. एकही चूक आली तर एक्सएमपी किंवा एक्स्पोचा वेग एक पायरी खाली आणा, तरी आली तर परताव्याची मुदत संपायच्या आत स्टिक बदलून घ्या.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर हे सगळं करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. आणि पीसी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याहून येणार असेल, तर जड टॉवर कूलर काढून वेगळा पाठवायला सांगा. ते जमत नसेल, तर कॅबिनेट असं आडवं ठेवायला लावा की बोर्ड खाली सपाट राहील आणि कूलर त्यावर उभा.