खाणीचं पाणी नाल्यात सोडण्याआधी

सावनेर तालुक्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत मी ३१ वर्षं पंप खलाशी होतो. पंप बंद पडला की खाण बुडते, म्हणून तो मे महिन्यातही थांबत नाही. कागदावर या पाण्याला ‘जादा’ म्हणतात, ते मला कधीच पटलं नाही. खाण खोल गेली की आजूबाजूचं भूजल तिकडेच उतरतं, शेजारच्या विहिरी आटतात. म्हणून पहिला हक्क त्या विहिरींच्या गावाचा.

आधी उपसा मोजा. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवून घड्याळ बघा. २० सेकंदांत भरला तर सेकंदाला १० लिटर, म्हणजे दिवसाला ८ लाख ६४ हजार लिटर. मे आणि ऑगस्ट, दोन्हीत मोजा.

मग काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवा. तळाशी काळी भुकटी बसली तर तो कोळशाचा चुरा, त्याला निवळण टाकी पुरते. टाक्या दोन बांधा, एकीचा गाळ काढताना दुसरी चालू राहते. वर येताना नितळ असलेलं पाणी उघड्यावर तांबूस होत असेल तर त्यात लोह आहे. ते दगडी पायऱ्यांवरून खळाळत टाकीत सोडा. हवा लागली की लोह गाळ होऊन खाली बसतं.

छतातून झिरपणारं चांगलं पाणी चुऱ्यात, गोफच्या (कोळसा काढून सोडून दिलेल्या भागाच्या) पाण्यात मिसळू देऊ नका. त्याची गटार आणि पाइप वेगळाच ठेवा. एकदा मिसळलं की सगळंच शुद्ध करावं लागतं.

तपासणीत सामू, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), सल्फेट, लोह आणि बारुदामुळे येणारं नायट्रेट बघा. पिण्यासाठी टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवतात. पाटणसावंगीला खाणीचंच पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ म्हणून बाटलीत भरलं, म्हणजे हे होऊ शकतं.

शेताला देतानाही तपासाच. ओळखीच्या एका शेतकऱ्याला मी आरशासारखं दिसणारं पाणी न तपासता दिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या संत्र्याच्या पानांची टोकं करपली. संत्र्याला खार सोसत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती झाडं आजही डोळ्यांसमोर येतात.

गावतलाव मार्चअखेर भरून ठेवा. उरलेलं पाणी रस्त्यावरच्या धुळीवर मारा, नाला सगळ्यात शेवटी. आणि गावातल्या दोन विहिरींची पातळी दर महिन्याला दोरीने मोजून पंपाच्या वहीतच, उपशाच्या शेजारच्या रकान्यात लिहा.