डिपर टाकला की अंधार: जुन्या पद्मिनीच्या दिव्यांचा दोष कसा शोधायचा

आमची प्रीमियर पद्मिनी मोटार १९८६ची, बाबांनी घेतलेली. एका रात्री पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी उतरल्यावर समोरून ट्रक आला, मी अप्परचा (लांबचा झोत) डिपर (खालचा झोत) केला आणि दोन्ही हेडलाइट गेले. परत अप्पर केला, आले. मागे आई म्हणाली, "बाई गं, तो ट्रकवाला शिव्या देईल, पण तू दिवे चालू ठेव." घरापर्यंत अप्परवरच आले आणि शिव्याही खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने दोन नवे बल्ब घातले. आठवड्याने तेच. मग त्याने बॅटरी बदलायला सांगितली. तेव्हा मी मीटर विकत घेतला.

बल्बांवर वाया गेलेल्या पैशात गॅरेजवाल्याचा दोष निम्माच होता. लक्षण नीट न सांगणं हा माझा. "दिवे लागत नाहीत" हे लक्षण नव्हे. कागदावर लिहा: कोणता दिवा, अप्पर की डिपर, एकच बाजू की दोन्ही, गाडी थंड असताना की दहा मिनिटांनी, पाऊस पडल्यावर की कोरड्यातही. अप्परवर लागतात आणि डिपरवर दोन्ही एकदम जातात, एवढं लिहिलं तरी बल्ब संशयातून सुटले. दोन्ही बल्बांच्या डिपरच्या फिलामेंट एकाच क्षणी जळून पुन्हा आपोआप जुळत नाहीत.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा मल्टिमीटर, पक्कड, चारशे नंबरचा पॉलिश पेपर, गाडीच्या लांबीएवढी वायर आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प घरीच करा: इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, टोकांना मगर क्लिप. स्विच उघडायचा किंवा वायर कापायची असेल तर आधी बॅटरीची मायनस काढा. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी नाही, फटाका होतो. पद्मिनीत मायनस बॉडीला असते. जुनी मॉरिस मायनर असेल तर त्यात प्लस अर्थ, म्हणजे प्लस बॉडीला, असू शकतो, तिथे अर्थची बाजू म्हणजे प्लस, तीच आधी.

बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर १४च्या जवळ जायला हवी. डायनॅमोवाली (बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर असलेली) गाडी असेल तर न्यूट्रलला सावकाश इंजिनवर दिवे पिवळे पडतात आणि रेस दिली की उजळतात. हा दोष नाही, डायनॅमोचा स्वभाव आहे. यावर एक रविवार घालवलाय मी.

आता अर्थ. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकतो, असलं काही दिसलं तर स्विचकडे बघूही नका. त्या दिव्याचा करंट बॉडीतून परत जायला वाट नाही म्हणून शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून जातोय. बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर थेट त्या होल्डरच्या पत्र्याला टेकवा. दिवा लख्ख झाला तर दोष सापडला. होल्डरखालचा स्क्रू काढा, गंज आणि रंग खरवडून पांढरा पत्रा दिसू द्या, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसवा, वर थोडं व्हॅसलिन. आमच्याकडे पावसाळ्यानंतर मागच्या डाव्या दिव्याला दरवर्षी हे करावं लागतं, तिथे डिकीच्या रबरातून पाणी येतं.

फ्यूज जुन्या पद्धतीचे, दोन्ही बाजूंना टोकदार, मधे पट्टी. पांढरा ८ अँपियरचा, लाल १६चा. पट्टी शाबूत दिसली म्हणून फ्यूज चांगला असं समजू नका. टोकं काळी पडतात, चिमटे सैल होतात. टोक पेपरने घासा, चिमटा पक्कडीने हलकेच आवळा, फ्यूज बसवून जागेवर फिरवा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवलेला फ्यूज मला आमच्याच गाडीत सापडला. बाबा सिगारेट ओढत नव्हते, तेव्हा तो कुणाचा याचा शोध मी घेतला नाही.

मीटर दोन टोकांत किती फरक पडतो ते सांगतो, म्हणून दिवा चालू ठेवूनच मोजायचं. बंद दिव्यावर मोजलं तर सडलेली वायरही १२ व्होल्ट दाखवेल, कारण तिच्यातून करंटच जात नाही. डिपर लावा. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं टोक बल्बच्या डिपरच्या पिनवर. मला २.३ व्होल्ट आले. म्हणजे वाटेत एवढे हरवले. मग एकेक तुकडा: फ्यूजच्या दोन बाजूंत ०.३. स्विचच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वायरींत १.६. उरलेले ०.४ वायरींत. अर्ध्या व्होल्टच्या वर एकाच जागी गेलं तर संशय तिथे. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड साधारण तीस टक्के घटतो, म्हणून दोन व्होल्ट म्हणजे रस्त्यावर बराच अंधार.

दोष स्विचचा, हे ठरलं. कारण साधं आहे: या गाडीत हेडलाइटचा पूर्ण करंट स्टीयरिंगखालच्या दांडीतल्या छोट्या तांब्याच्या पट्ट्यांतून जातो. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट, नऊ अँपियर. कुणी १००/९० वॅटचे बल्ब घातले असतील तर पंधरा. दर वेळी डिपर मारताना ठिणगी पडते, पट्टी काळी होते, काळी झाली की तापते, तापली की आणखी काळी होते. दहा मिनिटांनी दिवे जाण्याचं गणित हेच.

स्विच उघडताना तो पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत धरून उघडा. आत स्प्रिंग आणि एक बारीक गोळी असते, ती उडते. माझी पहिली गोळी फ्रिजखाली गेली, भाच्याने झाडूने काढली, "मावशी, ही मोत्याची का?" म्हणाला. पट्टीवरचा काळा थर पेपरने इतकाच घासा की तांबडा रंग दिसेल. पट्टी पिचलेली, रिव्हेट हलणारा असेल तर घासण्यात अर्थ नाही. स्विच मिळवा, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी करा.

स्विच घासून गाडी चालेल, पण दोष परत येईल. खरा उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. अप्परला एक, डिपरला एक. बॅटरीच्या प्लसपासून प्रत्येकी १५ अँपियरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ नंबरवरून दोन्ही बल्बांना, वायर अडीच स्क्वेअर एमएमची. स्विचकडून येणारी जुनी वायर ८६ला, ८५ बॉडीला. आता स्विचमधून अँपियरचा जेमतेम पाचवा भाग जातो.

फ्यूज सारखा उडत असेल तर त्याच्या जागी तो २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा, त्या सर्किटचे बल्ब आधी काढून. लॅम्प पेटला तर वायर बॉडीला लागतेय. आता हार्नेस (वायरींचा जुडगा) हळूहळू हलवत जा, लॅम्प विझला तिथे थांबा. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथलं रबर बहुतेक वेळा झिजलेलं असतं, नाहीतर उंदीर.

रिले बसवल्यावर पुन्हा मोजलं: २.३च्या जागी ०.३. मग घरासमोरच्या भिंतीवर झोत पाडून दिवे खाली आणले, कारण आधी पिवळा असलेला झोत आता समोरच्याच्या डोळ्यांत जात होता. जोडणीचं चित्र कालनिर्णयच्या जुन्या पानामागे काढून डॅशच्या कप्प्यात ठेवलंय, पुढचा वायरमन रिले शोधत बसू नये म्हणून.